त्या रात्रीचा दीड पानाचा जबाब

"किती घेतलीय तुम्ही?" रात्री सव्वा वाजता त्या तरुण पोलिसानं विचारलं आणि मी म्हणाले, "दोन ग्लास." चार झाले होते. पुढे सव्वादोन वर्षांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले, तेव्हा माझ्या साक्षीतला सगळ्यात कच्चा दुवा हाच निघाला. एक माणूस पडला होता, त्यात त्याचा जीव गेला होता, आणि उलटतपासणीची पहिली पंचवीस मिनिटं दोन की चार यावर गेली.

मी इमारतींचे आराखडे काढते. मोजमाप हे माझं रोजचं काम. म्हणून माझ्या नजरेवर लोकांचा विश्वास असतो, माझाही होता. तो कुठे कुठे चुकला ते मला नीट क्रमानं सांगायचंय, कारण खटला संपल्यापासून ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांचं पहिलं वाक्य एकच होतं: "प्यायलेल्या माणसाला काय आठवणार?" मला आठवत होतं. गोंधळ झाला तो उतरल्यावर.

एका सहकाऱ्याला निरोप द्यायला ऑफिसच्याच इमारतीच्या गच्चीवर आम्ही जमलो होतो. नऊला सुरुवात झाली. तीन तासांत मी चार ग्लास वाइन घेतली, जवळजवळ रिकाम्या पोटी. बाराच्या सुमाराला खाली पार्किंगमध्ये आले. मला सोडणारी मैत्रीण गाडी काढायला पुढे गेली होती. दिव्याखाली दोन माणसं भांडत होती. एक उंच, दुसरा करड्या शर्टातला. दोघंही माझ्या ओळखीचे नव्हते. आवाज चढले. "थांब," असं कुणीतरी म्हणालं. मी हातातल्या पर्समध्ये काहीतरी शोधत होते. मग एक आवाज आला. तो मी इथे लिहिणार नाही, अजून तो मला झोपेत ऐकू येतो. वर पाहिलं तेव्हा उंच माणूस खाली पडलेला होता आणि त्याचं डोकं फरशीच्या कडेला होतं. करड्या शर्टाचा माणूस त्याच्यावर वाकला, सरळ झाला, आणि फाटकाकडे चालत गेला. पळाला नाही, चालत गेला.

पोलीस आले तेव्हा त्यांच्यातला वयानं मोठा अधिकारी माझ्याजवळ आला, वास आला असावा, आणि म्हणाला, "यांना घरी जाऊ दे, उद्या शुद्धीत आल्या की बोलवू." तरुण पोलीस मात्र माझ्याशेजारी बाकावर बसला. "आत्ता जेवढं आठवतंय तेवढं सांगा. जिथं नाही दिसलं तिथं नाही म्हणा. जुळवून सांगू नका." हे शेवटचे तीन शब्द त्याला कुणी शिकवले होते की त्याचे त्यालाच सुचले, मला ठाऊक नाही. त्यानं मध्ये फार प्रश्न विचारले नाहीत. मी थांबले की तोही थांबायचा. दीड पान झालं. त्या दीड पानात "माहीत नाही" सात वेळा आहे. ढकललं का? माहीत नाही. "थांब" कोण म्हणालं? माहीत नाही. हातात काही होतं का? माहीत नाही.

माझ्या श्वासाची किंवा रक्ताची तपासणी कुणी केली नाही. वाहन चालवणाऱ्याची करतात, आरोपीचीही बऱ्याचदा करतात. साक्षीदाराची कुणाला सुचत नाही. आणि मग दोन वर्षांनी भर न्यायालयात त्याच्या रक्तात किती अल्कोहोल होतं यावर तज्ज्ञ गणितं मांडतात. त्या रात्री दोन मिनिटं श्वासयंत्रात फुंकायला लावलं असतं, तर खोटं बोलायला जागाच उरली नसती.

खोटं का बोलले? लाज वाटली. एक माणूस समोर निपचित पडला होता आणि मी धड उभी राहू शकत नव्हते. दोन म्हटलं की माणूस जरा सभ्य वाटतो. पुढे वाचलं तेव्हा कळलं की माझ्यासारखे साक्षीदार पोलिसांना रोजच भेटतात. 2009 साली अमेरिकेतल्या पोलीस अधिकाऱ्यांना याबद्दल विचारलं गेलं, तेव्हा नशेतल्या साक्षीदाराशी गाठ पडणं ही नेहमीची गोष्ट असल्याचं त्यांनी सांगितलं. मारामाऱ्या, छेडछाड, रस्त्यावरचे हल्ले जिथं आणि ज्या वेळी होतात तिथं शुद्धीतली माणसं मुळात कमीच असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीचा फोन आला. ती अजिबात प्यायलेली नव्हती, गाडी तिलाच चालवायची होती. "त्यानं छातीवर दोन्ही हात ठेवून ढकललं," ती म्हणाली, "तू तर समोरच होतीस!" मी गप्प बसले. मला तसं काही आठवत नव्हतं, पण मी प्यायले होते आणि ती शुद्धीत होती. तिचं खरं असणार आणि माझ्या आठवणीत भोक पडलं असणार, असं मी मनाशी धरलं. त्या दिवशी हा हिशोब मला प्रामाणिकपणाचा वाटला. पुढचं सगळं त्यातूनच बिघडलं.

ती शुद्धीत होती, पण कुठे होती? एका मोठ्या व्हॅनच्या पलीकडे, गाडीचं दार उघडत. तिला दिसला तो पडतानाचा माणूस. पडण्याआधीचं तिनं पाहिलंच नव्हतं. दोघं भांडत होते, एक पडला, म्हणजे दुसऱ्यानं ढकललं, हे तिच्या मनानं जोडलं. तिनं खोटं काही सांगितलं नाही. तिलाही ते पाहिल्यासारखंच वाटत होतं. शुद्धीत असणं आणि दिसेल अशा जागी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतकं उघड असूनही दोन वर्षं कुणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

चौथ्या दिवशी तो उंच माणूस रुग्णालयात वारला. प्रकरण मारामारीचं राहिलं नाही, मृत्यूचं झालं. मला बोलावणं आलं. या वेळी खोली, टेबल, वरिष्ठ अधिकारी. आधीच्या जबाबाचा कागद टेबलावर नव्हता. "त्या रात्री तुम्ही नशेत होतात, ते जाऊ दे, आता नीट सांगा," अशी सुरुवात झाली. आणि पुढचा प्रश्न असा होता: "त्यानं ढकललं तेव्हा तुम्ही किती अंतरावर होता?"

"पाच मीटर," मी म्हणाले.

मोजमापाच्या माणसाला अंतर विचारलं की ती अंतरच सांगणार. ढकललं की नाही हा प्रश्न मला कुणी विचारलाच नाही. तो विचारून, उत्तर मिळवून झाल्यासारखाच ते बोलत होते. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी 1975 साली याच युक्तीचा प्रयोग केला होता. लोकांना रस्त्यावरच्या एका गाडीची चित्रफीत दाखवली. नंतर काहींना विचारलं, गाडी धान्याच्या कोठाराजवळून गेली तेव्हा तिचा वेग किती होता? चित्रफितीत कोठार नव्हतंच. आठवड्यानं विचारल्यावर त्या लोकांपैकी 17 टक्क्यांना कोठार पाहिल्याचं आठवत होतं. ज्यांच्या प्रश्नात कोठार नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण 3 टक्क्यांहून कमी. हे सगळे शुद्धीतले लोक होते, आणि त्यांच्यावर कसलंही दडपण नव्हतं. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. माझं कोठार म्हणजे ते दोन हात.

दुसरा जबाब साडेचार पानांचा झाला. त्यात एकही "माहीत नाही" नाही. वाचायला तो फार चांगला आहे.

ओळखपरेड तीन आठवड्यांनी झाली. आठ माणसं ओळीनं उभी. मी फार वेळ घेतला नाही, पाचव्याकडे बोट केलं. बाहेर आल्यावर अधिकारी हळूच म्हणाले, "बरोबर. हाच तो." माझ्या अंगातून जी सुटका झाली ती अजून आठवते. त्याआधी मी मनाशी म्हणत होते, बहुतेक हाच. त्यानंतर कधीच 'बहुतेक' म्हटलं नाही. 1998 साली गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड या संशोधकांनी दाखवून दिलं आहे की ओळख पटवल्यावर "छान, बरोबर ओळखलंत" एवढं ऐकलं तरी चुकीचा माणूस निवडलेल्या साक्षीदारालाही आपली खात्री मुळापासून होती असं वाटू लागतं. इतकंच नाही, आपल्याला चेहरा नीट दिसला होता, आपलं लक्ष होतं, असंही तो मागाहून सांगतो.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही, कारण तिचं महत्त्वच कळलं नव्हतं. परेडच्या आधी त्या माणसाचा फोटो आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता. "हाच तो" अशा ओळीसह. मी तो पाहिला होता, मोठा करून पाहिला होता. पार्किंगमध्ये मला त्या चेहऱ्याची एक बाजू तीन-चार सेकंद पिवळ्या दिव्यात दिसली होती. ओळीतला पाचवा माणूस मी कशावरून ओळखला? त्या रात्रीवरून की त्या फोटोवरून? आज प्रामाणिक उत्तर द्यायचं तर ते दोन चेहरे मला वेगळे करता येत नाहीत.

नंतर दीड वर्ष काही झालं नाही. मग समन्स आलं. ते हातात घेतल्यावर पहिल्यांदा मला भीती वाटली ती चार ग्लासांची. कुणीतरी विचारणार, कुणीतरी फोटो दाखवणार. मी वाचायला लागले ते खरं तर स्वतःला वाचवायला: दारूचा आठवणीवर नेमका काय परिणाम होतो, मी किती अविश्वसनीय ठरते.

वाचत गेले तसं चित्र मी समजत होते त्यापेक्षा वेगळं निघालं. अल्कोहोल मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचं काम मंदावतं, म्हणजे नवीन अनुभव साठवून ठेवणाऱ्या भागाचं. फार प्यायल्यावर, त्यातही भराभर प्यायल्यावर, नोंद होणंच थांबतं; माणूस बोलतो, चालतो, भांडतो, पण दुसऱ्या दिवशी त्या तासांचं काहीच उरत नाही. ते विसरणं नसतं, लिहिलंच गेलेलं नसतं. अशा माणसाला पुन्हा पुन्हा विचारून, जागेवर नेऊन, डोळे मिटायला सांगून काही मिळत नाही, आणि जे मिळतं त्याची भीतीच बाळगायला हवी. पण ही अवस्था साधारण 100 मिलिलिटर रक्तात 160 मिलिग्रामच्या आसपास आणि त्यापुढे दिसू लागते. त्याच्या खाली काय होतं? क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी 1990 साली मांडलेली कल्पना मला माझ्या अनुभवाशी सगळ्यात जुळणारी वाटली: नशेत लक्षाचा झोत अरुंद होतो. समोरचं ठळक तेवढं पकडलं जातं, कडेचं सुटतं. करडा शर्ट, आवाज, वाकणं, चालत जाणं माझ्याकडे होतं. आजूबाजूला आणखी कोण होतं, कुठली गाडी होती, यातलं काहीही नव्हतं.

2019 साली आधीच्या अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून झालेला एक अभ्यास मी तीनदा वाचला. निष्कर्ष असा की प्यायलेले साक्षीदार बरोबर तपशील कमी सांगतात, पण चुकीचे तपशील जास्त सांगतात असं आढळलं नाही. दारूनं आठवण गाळली होती, भेसळ केली नव्हती. शिवाय घटनेनंतर लगेच, नशेत असतानाच विचारलेल्या लोकांकडून, उतरल्यावर काही दिवसांनी पहिल्यांदा विचारलेल्यांपेक्षा जास्त मिळतं, असंही काही प्रयोगांत दिसलं आहे. "उद्या शुद्धीत आल्या की बोलवू" हे वाक्य ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं, आणि त्यानं केवढं नुकसान होऊ शकलं असतं! तो तरुण पोलीस बाकावर बसला नसता तर माझी खरी आठवण कुठेच उरली नसती.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी फक्त माझी वकिली केल्यासारखं होईल. 2002 सालच्या एका प्रयोगात लोकांना एकच संशयित दाखवून "हाच का?" असं विचारलं होतं. खरा माणूस समोर नसताना, ज्यांच्या रक्तात अल्कोहोल जास्त होतं ते भलत्याच माणसाला होकार देण्याची शक्यता अधिक होती. घटनेनंतर तासाभरात रस्त्यावरच कुणाला तरी पकडून आणून प्यायलेल्या साक्षीदारासमोर उभं करणं किती धोक्याचं आहे, ते यावरून कळतं. त्या रात्री कुणी माझ्यापुढे करड्या शर्टातला कुणीही आणून उभा केला असता, तर मी मान हलवली असती. याबद्दल मला शंका नाही.

आणि सगळ्यात लागलेला प्रयोग 2003 चा. सीमा असेफी आणि मॅरिअन गॅरी यांनी लोकांना साधं टॉनिक वॉटर दिलं आणि काहींना ते व्होडका घातलेलं आहे असं सांगितलं. दारूचा थेंब न घेतलेले, पण आपण प्यायलोय असं समजणारे हे लोक नंतर दिलेल्या खोट्या माहितीला जास्त बळी पडले, आणि वर त्यांना आपल्या उत्तरांची खात्रीही जास्त होती. मी अगदी असंच केलं होतं. आपण प्यायलो होतो या जाणिवेनं मी माझ्या आठवणीवरचा हक्क सोडला आणि मैत्रिणीची आठवण उचलून घेतली.

सरकारी वकिलांना भेटायला गेले तेव्हा मी तीन गोष्टी सांगितल्या: दोन नव्हे चार ग्लास, परेडच्या आधी पाहिलेला फोटो, आणि ढकलताना मी पाहिलेलं नाही. तिसरी गोष्ट ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. "तुम्हाला कुणी भेटलं का? धमकी, पैसे?" नाही म्हणाले. "मग आजपर्यंत गप्प का होता?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही चांगलं उत्तर नाही. मला त्यांचा राग समजत होता. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना ते दर तारखेला भेटत होते, आणि त्यांची मुख्य साक्षीदार खुर्चीत बसून आपलाच जबाब पुसत होती. तरीही त्यांनी एक केलं, ज्याबद्दल मी त्यांची कायम आभारी राहीन: मी सांगितलेलं सगळं त्यांनी बचाव पक्षाला कळवलं, आणि त्या रात्रीचा दीड पानाचा कागद शोधून काढायला लावला. तो फायलीत सगळ्यात खाली होता.

साक्षीच्या दिवशी मला वाटत होतं की प्यायलेली होते म्हणून मला उभंच करणार नाहीत. तसं नसतं. साक्ष देताना प्रश्न समजायला हवेत आणि उत्तर देता यायला हवं. घटनेच्या वेळी नशेत होता म्हणून साक्षीदार बाद होत नाही. त्याच्या शब्दाला वजन किती द्यायचं एवढाच प्रश्न उरतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं 1957 साली वडिवेलू थेवर खटल्यात साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितले: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह, आणि दोन्ही नाहीत असे. तिसऱ्याच्या बाबतीत न्यायालयानं जपून पावलं टाकायची आणि दुसरीकडून आधार शोधायचा. इंग्लंडमध्ये 1976 च्या टर्नबुल निकालापासून ओळखीच्या पुराव्यावर प्रकाश, अंतर, वेळ, आड येणाऱ्या वस्तू असे प्रश्न विचारायचा दंडक आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली हेंडरसन खटल्यात तर साक्षीदाराची नशा ही ज्युरीनं विचारात घ्यायच्या गोष्टींत स्पष्टच धरली. मी तिसऱ्या प्रकारातली होते आणि तसंच मोजलं जावं एवढीच माझी इच्छा होती.

सरतपासणी लवकर आटोपली. उलटतपासणी मात्र दुपारच्या सुट्टीनंतरही चालली. बचावाचे वकील अतिशय सौम्य बोलत. "दोन की चार?" चार. "मग पहिल्या जबाबात दोन का?" लाज वाटली म्हणून. "म्हणजे सोयीचं असेल तेव्हा आपण खोटं बोलता." मी म्हणाले, त्या एका बाबतीत बोलले. त्यांनी त्यांच्या तज्ज्ञांचं गणित वाचून दाखवलं. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी 1930 च्या दशकात रूढ केलेली पद्धत: प्यायलेलं अल्कोहोल, वजन, शरीरातल्या पाण्याचं प्रमाण, गेलेला वेळ. माझं वजन 60 किलो, चार ग्लास म्हणजे सुमारे 56 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, तीन तास. 100 मिलिलिटरला साधारण 125 मिलिग्राम. दोन ग्लास धरले तर 40. इंग्लंडमध्ये गाडी चालवण्याची मर्यादा 80 आहे, हेही त्यांनी सांगितलं. एका खोट्या आकड्यानं मी स्वतःला त्या मर्यादेच्या अलीकडे नेऊन ठेवलं होतं, आणि खरा आकडा पलीकडचा होता. शरीर तासाला किती अल्कोहोल जाळतं हे माणसागणिक 100 मिलिलिटर रक्तामागे 10 ते 25 मिलिग्रामच्या दरम्यान बदलतं, त्यामुळे 125 हाही अंदाजच, हे मला माहीत होतं. पण तो माझा प्रांत नव्हता. मी गप्प राहिले.

मग त्यांनी जे केलं त्याची मी तयारी केलेली नव्हती. ढकलताना पाहिलं नाही हे मी आधीच कबूल केल्यावर त्यांचं काम झालं असेल असं मला वाटलं होतं. पण त्यांना सगळंच पुसायचं होतं. "इतक्या नशेत तुम्ही होता, तर करडा शर्ट तरी कशावरून? वाकलेला माणूस तरी कशावरून? मला काहीच खात्रीनं आठवत नाही असं म्हणा, म्हणजे संपलं." सकाळी एका बाजूला माझ्याकडून सगळं हवं होतं, दुपारी दुसऱ्या बाजूला काहीच नको होतं. "काही आठवत नाही" म्हणून खाली उतरणं किती सोपं होतं! दोन वर्षांची लाज तिथंच संपली असती.

मी म्हणाले, "करडा शर्ट मी पाहिला. तो वाकला आणि चालत गेला ते पाहिलं. ढकललेलं पाहिलं नाही. चेहऱ्याबद्दल मी फोटो पाहिल्यामुळे सांगू शकत नाही."

न्यायाधीशांनी तोवर मला काही विचारलं नव्हतं. त्यांनी दीड पानाचा कागद मागवून घेतला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वाचा. यातलं आज काही बदलायचं आहे?"

मी वाचला. अक्षर त्या तरुण पोलिसाचं, घाईचं, खाली माझी वाकडी सही. "फक्त दोन ग्लासांच्या जागी चार," मी म्हणाले.

मैत्रिणीचीही साक्ष झाली. तिला व्हॅनबद्दल विचारलं तेव्हा ती थांबली, आठवायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "ढकलल्यासारखं वाटलं." आमच्यात त्यानंतर बोलणं कमी झालं आहे. तिला वाटतं मी तिला खोटं पाडलं. मला ते तसं दिसत नाही, पण तिचं दुःख खरं आहे.

निकाल दोन महिन्यांनी लागला. माझ्याबद्दल निकालपत्रात जवळजवळ तीन पानं आहेत. दुसरा जबाब आणि ओळखपरेड बाजूला ठेवली. पहिला जबाब त्याच्या मर्यादेत ग्राह्य धरला: करड्या शर्टातला माणूस पडलेल्या माणसाजवळ होता आणि मदत न करता निघून गेला, एवढ्यापुरता. त्याला आधार फाटकावरच्या कॅमेऱ्याचा मिळाला. "मी आधीच निघालो होतो" हे आरोपीचं म्हणणं त्यानं खोटं ठरलं. पण धक्का दिला की पाय घसरला, हे सिद्ध झालं नाही. मृत्यूच्या आरोपातून तो संशयाचा फायदा मिळून सुटला.

त्यानं ढकललं असेल का? मी रात्री-बेरात्री या प्रश्नाशी झगडते. असेलही. वर पाहायला मला एक क्षण उशीर झाला.

न्यायालयाच्या पायऱ्यांवर गेलेल्या माणसाची बहीण माझी वाट पाहत होती. मी तोंड चुकवून जाऊ शकले असते, गेले नाही. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिच्या हातात निकालाची प्रत होती, आणि त्यात उतरवलेल्या माझ्या पहिल्या जबाबावर तिनं बोट ठेवलं होतं.

"इथं 'थांब' असं लिहिलंय," ती म्हणाली. "तो दादाचा आवाज होता का?"

तिला हो हवं होतं. मी हो म्हटलं असतं तर तिचं काय बिघडलं असतं, खटला तर संपला होता.

"माहीत नाही," मी म्हणाले. "शब्द ऐकला. आवाज कुणाचा ते माहीत नाही."

तिनं कागदाची घडी घातली. मग आम्ही दोघी थोडा वेळ तिथंच उभ्या राहिलो.